सतराव्या धड्यातली बाई

चौथीच्या नव्या वाचनपुस्तकात सतरावा धडा आहे, 'सेनापती'. हा सेनापती म्हणजे कुणी लढवय्या नव्हे, कुत्रा. आपल्या साहेबांचा, म्हणजे देशाच्या प्रमुखांचा, लाडका कुत्रा. धड्याखाली स्वाध्याय आहे आणि त्यातला तिसरा प्रश्न असा: 'सेनापती एकदा साहेबांना का चावला?' शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत उत्तरही छापून दिलंय: 'कारण त्याची देखभाल करणाऱ्या बाईने त्याला दोन दिवस उपाशी ठेवले होते.' गुण एक.

मी चौथीची शिक्षिका आहे. गेल्या आठवड्यात चाचणी झाली. बेचाळीस मुलांनी हेच उत्तर लिहिलं, काहींनी तर 'दुष्ट बाईने' असं पदरचं विशेषण घालून. त्या प्रत्येक उत्तरापुढे बरोबरची खूण करायची पाळी माझ्यावर आली. ती बाई माझी सख्खी आत्या आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही. म्हणून हे लिहायला बसले. आत्याने गप्प राहायचा शब्द दिला होता. मी दिलेला नाही.

आत्या एकोणिसाव्या वर्षी मोठ्या घरात कामाला लागली. मोठं घर म्हणजे राष्ट्रप्रमुखांचं निवासस्थान; आमच्याकडे त्याला दुसरं नाव नव्हतं. त्याच्या पाठीमागे, धुलाईघर आणि मोटारींची शेड यांच्या मधे एक लांबट बैठी इमारत होती. तीन खोल्या, पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार, एका भिंतीला नळ आणि रबरी पाइप, खुंट्यांवर पट्टे, दोऱ्या, ब्रश. राष्ट्रप्रमुखांचे प्राणी तिथे राहायचे. लोकांना वाटतं, ही जनावरं दिवसभर साहेबांच्या पायाशी गालिच्यावर लोळत असतात. फोटो काढायच्या दिवशी लोळायची. एरवी आत्याच्या पायाशी, त्या उतरत्या फरशीवर.

तिने चार राष्ट्रप्रमुख पाहिले आणि चौघांना ती त्यांच्या जनावरांवरून ओळखायची. पहिले मांजरवाले. त्यांच्या पत्नीची पांढरी मांजर इतकी नखरेल, की ताटलीतलं दूध तिला चालत नसे, आत्याच्या तळहातावरचं लागे. आत्याच्या डाव्या अंगठ्यावरची लांब रेघ ही त्या महाराणीची कृपा. दुसऱ्यांचे दोन शिकारी कुत्रे. नाव शिकारी, पण सलामीची तोफ उडाली की दोघेही आत्याच्या खाटेखाली. तोफेच्या दिवशी ती त्यांच्या कानात कापूस घालून दोघांच्या मधे बसायची. तिसऱ्यांना जनावरं मुळात आवडतच नसत. निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी एक पिल्लू आणवलं, पंधरा दिवस कडेवर घेऊन गावभर मिरवलं, आणि निकाल लागल्यावर तिसऱ्या दिवशी परत पाठवून दिलं. आत्या त्याच्यासाठी लोकरीचा पट्टा विणत होती. तो अर्धा पट्टा अजून तिच्या ट्रंकेत आहे.

तिचं लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलाची आई भेटायला आली, शेजारी बसली आणि नाकाला रुमाल लावून उठली. म्हणाली, मुलीच्या अंगाला कुत्र्याचा वास येतो. पुढे लग्नाचा विषय निघाला की आत्या म्हणायची, "बाईचं नाक मात्र चांगलं होतं हो!" आणि स्वतःच खो खो हसायची.

चौथे हे आताचे साहेब. ते निवडून आले त्याच महिन्यात दोन महिन्यांचं एक पिल्लू आलं. पांढरंशुभ्र, लांब केसांचं, डावा कान तेवढा तपकिरी. नाव ठेवायला पाच जणांची समिती बसली. त्यांनी चार बैठका घेऊन 'सेनापती' हे नाव काढलं. पिल्लू तोवर आपल्याच पाण्याच्या भांड्यात बसून झोपलेलं. आत्याने त्याला उचललं, मागची बाजू पुसली आणि म्हणाली, "अरे ठोंब्या!" बस. तो आयुष्यभर ठोंब्या या एकाच हाकेला ओ देत राहिला. 'सेनापती' म्हटलं की ढिम्म हलायचा नाही. समितीची सगळी अक्कल वाया गेली.

त्याचं खाणं आत्या स्वतः शिजवायची आणि आधी स्वतः चाखायची. त्याचं पोट बिघडलेलं असलं, तर त्याने चार घास खाल्ल्याशिवाय तिच्या घशाखाली काही उतरायचं नाही. आम्ही तिच्या क्वार्टरवर गेलो की आई विचारायची, "ताई, जेवलात का?" उत्तर ठरलेलं: "त्याचं व्हायचंय अजून." या बाईने म्हणे कुत्रा उपाशी ठेवला!

आता प्रकरणाचं मूळ सांगते. साहेब कामात. कुत्र्याशी गाठ महिन्यातून एकदा, तीही कॅमेऱ्यासमोर. मग कुत्रा त्यांच्याकडे धावत जाणार कसा? आत्याने यावर दुसऱ्या राष्ट्रप्रमुखांच्या वेळीच तोड काढली होती. दर शुक्रवारी शेजारच्या धुलाईघरातून राष्ट्रप्रमुखांची अंगातून काढलेली, न धुतलेली बनियन कागदी पिशवीतून यायची आणि आठवडाभर कुत्र्याच्या गादीवर पडून राहायची. कुत्रा तिच्यावर झोपायचा, तिच्यात नाक खुपसायचा. त्या वासाचा माणूस त्याच्या लेखी घरचा व्हायचा. महिन्याने तो माणूस समोर आला की कुत्रा शेपूट नाचवत थेट त्याच्या अंगावर. लोक कौतुकाने म्हणायचे, बघा, मुक्या जनावराला माणूस कळतो! कळायची ती बनियन.

दुसऱ्या राष्ट्रप्रमुखांना हे ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. "आज बागेला दोन फेऱ्या जास्त मारल्यात, आजची चांगली मुरलीय," असं म्हणत ते स्वतः पिशवी आणून द्यायचे. आताच्या साहेबांच्या कानावर कुणी हे घातलंच नव्हतं. धुलाईघरातला धोबी आणि आत्या, दोघं आपसांत भागवत होती. पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. ठोंब्या साहेबांकडे धावायचा, साहेब खाली वाकायचे, फोटो छापून यायचे, आणि देशातली पोरं त्याला पत्रं पाठवायची.

मग नवे सचिव आले. कुठल्याही दाराला हात लावायच्या आधी खिशातून रुमाल काढणारा माणूस. एका शुक्रवारी पाहणी करत ते कुत्र्याच्या खोलीपर्यंत पोचले.

"हे काय आहे?"

"साहेबांची बनियन," आत्या म्हणाली.

"मळकी? इथे?"

"मळकीच लागते, सचिवसाहेब. त्याला वास ओळखीचा व्हावा म्हणून."

"राष्ट्रप्रमुखांच्या अंगाला वास येत नसतो," सचिव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. साहेबांचा वापरलेला कपडा धुलाईघराबाहेर जाणार नाही. कुत्र्यासाठी द्यायचाच तर स्वच्छ धुऊन, इस्त्री करून. पुढच्या शुक्रवारी बनियन आली ती कडक घडीची, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर अत्तराचा फवारा मारलेली. ठोंब्याने हुंगली आणि तीनदा शिंकला. साहेबांचा वास त्यात औषधालाही नव्हता. ती गादीवर पसरायची आत्या, म्हणून लागलाच तर तिच्या हाताचा वास लागायचा.

आत्याने अर्ज केला. मग दुसरा केला. तिसरा मला दाखवून, माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेऊन केला. अशाने कुत्रा साहेबांना विसरेल, चारचौघांत फजिती होईल, असं तिने स्पष्ट लिहिलं होतं. तिन्हीला मिळून एका ओळीचं उत्तर आलं: 'वासाचा विषय कार्यालयीन पत्रव्यवहारात आणू नये.' माणूस शिकून किती वाया जाऊ शकतो, याचा नमुना म्हणून मी ते वाक्य पाठ करून ठेवलंय.

पाच महिने असेच गेले. एक दिवस परदेशचे राष्ट्रप्रमुख पाहुणे म्हणून आले. हिरवळीवर खुर्च्या, कॅमेरे, दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण. ठोंब्याने पायऱ्यांवरून सुटायचं, वीस पावलं धावत साहेबांकडे जायचं आणि पाहुण्यांना पंजा द्यायचा, असं ठरलेलं. आत्या नेहमीप्रमाणे कुंपणाच्या झुडपांआड उभी. आम्ही घरी बघत होतो. बाबा म्हणाले सुद्धा, "ताईने काय चमकवलाय त्याला!"

ठोंब्या सुटला, अर्ध्या वाटेत थांबला, नाक वर केलं. समोर दोन अनोळखी माणसं. साहेब हाका मारताहेत, "सेनापती! ये, सेनापती!" त्याला त्याचं काय? त्याने वास घेतला, वळला आणि उड्या मारत झुडपाकडे, आत्याकडे निघाला. पाहुणे हसले. तिथेच सगळा घात झाला. साहेबांचा चेहरा लाल झाला. तेही हसत हसत कुत्र्यामागे गेले, वाकले आणि कॅमेऱ्याला दिसू नये अशा बेताने त्याचा तपकिरी कान मुठीत धरून पिरगळला. आमची नजर ठोंब्यावरच होती, म्हणून आम्हाला तरीही पडद्यावर दिसलं. ठोंब्या कळवळला आणि त्याने मनगट तोंडात धरलं. रक्त नाही, काही नाही. दोन दातांच्या खुणा आणि घड्याळाचा तुटलेला पट्टा, एवढंच. पाहुणे मात्र आता खदखदून हसत होते.

त्याच दुपारी आत्याला सचिवांच्या खोलीत बोलावलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तिला तिथे खुर्ची मिळाली. कोपऱ्यात जनावरांचे डॉक्टर मांडीवर बॅग घेऊन बसलेले. सचिवांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'मी कुत्र्यास दोन दिवस अन्न दिले नाही. या माझ्या निष्काळजीपणामुळे सदर घटना घडली.' खाली सहीसाठी टिंबं.

आत्याने तो दोनदा वाचला. "वेंधळी लिहा," ती म्हणाली. "कामचुकार लिहा. दार उघडं टाकलं म्हणा. एवढं उपाशी ठेवल्याचं नका लिहू."

"दार उघडं राहिलं म्हणून कुत्रा का चावेल, बाई? लोकांना पटायला नको?"

"आणि खरं लिहिलं तर? बनियनचं?"

सचिवांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि डॉक्टरांकडे वळले. "उद्या दहा वाजता इंजेक्शन देऊन टाका. विषय संपवा."

डॉक्टर भित्रा माणूस. कुणी मोठ्याने बोललं की त्यांचा चष्मा घसरायचा. पण त्या दिवशी देव जाणे कुठून, त्यांना कंठ फुटला. "लेखी हुकूम लागेल, सर. कुणाच्या तरी सहीचा. साऱ्या देशाचा लाडका कुत्रा आहे. उद्या कुणी विचारलं तर?"

"तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हीच लिहा."

"मी फक्त टोचणार. हुकूम वरून हवा."

आता वर कोण? साहेब असल्या कागदावर सही करणं शक्य नव्हतं आणि सचिवांचा हात पेनाकडे जाईना. बनियनला हात लावायला घाबरणारा माणूस तो, सहीला काय हात लावणार! आत्याने हे बघितलं. तिला डावपेच कधी जमले नाहीत, पण जनावर बिचकलं की ते कुठल्या बाजूने पळू बघतं, हे तिला बरोबर कळायचं.

"मी करते सही," ती म्हणाली. "कुत्रा मला द्या."

अटी सांगितल्या गेल्या. नोकरी आजपासून संपली, क्वार्टर आठवड्यात रिकामं करायचं. कुत्रा कुणाला ओळखू येता कामा नये. 'सेनापती' हे नाव कधी उच्चारायचं नाही. घडल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काढलाच, तर डॉक्टर आहेतच. आत्याने सगळ्याला मान डोलावली आणि त्या टिंबांवर नाव लिहिलं. तिने नंतर मला सांगितलं, की लिहिताना 'उपाशी' या शब्दाकडे बघवेना, म्हणून तिने त्यावर अंगठा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या गाडीतून, ब्लँकेटखालून ठोंब्या आमच्या घरी आला. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे भिंत घातलेलं एवढंसं अंगण. बाबांनी ब्लँकेट उचललं आणि त्यांचे डोळे विस्फारले. "ताई, अगं हा तर तो..."

"हा ठोंब्या," आत्या म्हणाली. "रस्त्यावर सापडला."

तिने अंगणात बसून कात्रीने त्याचे लांब केस पार कातडीजवळ कापले. दोन्ही कान बाबांच्या केसांच्या कलपाने काळे केले. पुढची सात वर्षं दर महिन्याला घरातला कलप आधी ठोंब्याच्या कानांना लागायचा आणि उरला तर बाबांच्या डोक्याला. बाबा त्याच वर्षी पांढरे झाले आणि कचेरीतले लोक त्यांना तब्येत विचारू लागले.

हे हसण्यावारी नेलं, पण बाकीचं नेता येत नाही. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो कागद सहीसकट छापून आला. 'मुक्या जिवाला उपाशी ठेवणारी'. खाली आत्याचा ओळखपत्रावरचा फोटो. दाराच्या फटीतून चिठ्ठ्या यायला लागल्या. त्यातली भाषा मी इथे लिहिणार नाही. समोरच्या बाईंनी आपल्या मुलांना आमच्या दारावरून जायची बंदी केली. भाजीवाली तिच्या तोंडावर म्हणाली, "एवढं नेताय, त्यातलं कुत्र्याला तरी घालाल का?" आत्याने गाजरं निवडता निवडता उत्तर दिलं, "घालते तर. गाजर फार आवडतं त्याला." आणि पिशवी उचलून चालू लागली. मी बरोबर होते. मला त्या भाजीवालीच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण मी काय केलं? मान खाली घालून दहा पावलं मागून चालले, म्हणजे आम्ही एकत्र आहोत हे कुणाला कळू नये.

हो, तेही लिहायलाच हवं. मी सात वर्षांत शाळेत कुणाला सांगितलं नाही, की ती माझी आत्या आहे. ती गप्प बसली ठोंब्याच्या जिवासाठी. मी गप्प बसले ते मला लाज वाटत होती म्हणून.

आठ महिन्यांनी बातमी आली: सेनापतीचं निधन. मुलांची पत्रं थांबत नव्हती, कुत्रा कुठाय असं लोक विचारत होते, आणि निवडणूक तीन महिन्यांवर आली होती. एवढ्या गोष्टी एकदम जुळल्यावर कुत्र्याला मरणं भागच होतं. साहेब दूरदर्शनवर आले. रुमालाने डोळे टिपत म्हणाले, "त्याने माझ्या मांडीवर प्राण सोडला. शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होता." ठोंब्या त्या वेळी आत्याच्या पायांवर हनुवटी टेकून घोरत होता. पडद्यावर 'सेनापती, सेनापती' चाललेलं, त्याचा कानही हलला नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मेला बघा कसा घोरतोय!" आणि आम्ही पोट धरधरून हसलो. आत्या नाही हसली. ती साहेबांच्या मांडीकडे बघत होती. म्हणाली, "इतकी मोठी मांडी. एकदा खरंच घेतला असता तर चावला नसता."

शाळेत परिपत्रक आलं: दोन मिनिटं स्तब्धता. मी चाळीस पोरांना मैदानात उभं केलं. पोरं मुसमुसत होती. माझ्या एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात आईची होती, कारण माझ्या जोडीतली दुसरी चप्पल सकाळीच स्वर्गवासी सेनापतीने चावून खाल्ली होती. मुलांची फसवणूक मी उघड्या डोळ्यांनी उभी राहून केली. त्या दोन मिनिटांचा राग मला साहेबांवर जितका आहे, तितकाच स्वतःवर आहे.

मग पुतळा झाला. सार्वजनिक बागेत, चौथऱ्यावर, काशाचा. वर्षभर आत्या तिकडे फिरकली नाही. एका रविवारी सकाळी तीच म्हणाली, "चल, बघून येऊ." ठोंब्या बरोबर होताच. पुतळ्याचे केस लांब वाऱ्यावर उडणारे, छाती पुढे काढलेली. आमचा मूळ नमुना काळ्या कानांचा, भादरलेला, पोट सुटलेला, एका पायाने लंगडत. आत्याने चौथऱ्यावरची पाटी मोठ्याने वाचली: "'ज्याने आयुष्यभर एकाच माणसाला जीव लावला.'" ठोंब्याने चौथऱ्याचा कोपरा हुंगला.

"ए बाई!" पहारेकरी काठी आपटत धावत आला. "कुत्रं लांब घ्या! दिसत नाही का कशापुढे उभ्या आहात? इथे कुत्र्यांना मनाई आहे."

माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं, अगदी बनियनपासून. आत्याने माझा हात दाबला. "नेते हो, चुकलं," ती पहारेकऱ्याला म्हणाली आणि दोरी आखडती घेऊन निघाली. फाटकाबाहेर मी रडायला लागले, तर मलाच म्हणाली, "तुला काय झालं? त्याला ऊन लागतंय, पटपट चल."

दोन महिन्यांपूर्वी ठोंब्या गेला. बारा वर्षांचा होऊन, भरल्या पोटी, दुपारच्या वेळी, आत्याच्या मांडीवर. खऱ्या मांडीवर. मागच्या अंगणात त्याला पुरलं. वर दगड नाही, नाव नाही. डॉक्टर आले होते. निवृत्त झालेत आता. घसरलेला चष्मा हातात धरून उभे होते. आत्याने त्या अर्ध्या पट्ट्याची लोकर काढून त्याच्यासोबत ठेवायला घेतली, मग परत ट्रंकेत ठेवली. म्हणाली, ती त्या परत पाठवलेल्या पिल्लाची आहे.

आणि यंदा नवं पुस्तक आलं.

मी उत्तरपत्रिका घेऊन बसले होते. आत्याने विचारलं, "काय गं, अशी का बसलीस?" मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावला, उभ्या उभ्या सगळा धडा वाचला. "चित्र बरं आहे," म्हणाली. "कान चुकलाय पण. तपकिरी कान डावा होता."

"आत्या, खालचा प्रश्न वाच."

तिने वाचला. मग मी उत्तर दाखवलं. ती खाली बसली. सात वर्षं चिठ्ठ्या, टोमणे, पहारेकरी, सगळं गिळलेली बाई. तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "दोन दिवस गं? दोन तास नाही ठेवला मी त्याला उपाशी."

"मी सगळ्यांना शून्य देते," मी म्हटलं. "बेचाळीसच्या बेचाळीस."

"वेडी आहेस का? पोरांचे गुण का कापतेस? त्यांना जे शिकवलं ते त्यांनी लिहिलं." ती डोळे पुसत होती. मग तिने अगदी सहज विचारलं, तिच्या मनात काही नव्हतं, याची मला खात्री आहे. "धडा कुणी शिकवला त्यांना?"

मी शिकवला होता. महिन्यापूर्वी, फळ्यापुढे उभी राहून. तो प्रश्न आला तेव्हा मुलांना म्हटलं होतं, उत्तर पुस्तकात आहे, बघून लिहा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुस्तक मिटायला सांगितलं आणि मुलांना ही गोष्ट सांगितली, शुक्रवारच्या पिशवीपासून अंगणातल्या खड्ड्यापर्यंत. गुण सगळ्यांना दिले. मुलांनी घरी सांगितलं, घरच्यांनी मुख्याध्यापिकांना. बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "तुमचा खुलासा लेखी द्या. 'चुकून बोलले' एवढं लिहिलंत तरी मी मिटवते. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही." भल्या आहेत, मनापासून म्हणाल्या.

तर हा माझा लेखी खुलासा. मी चुकून बोललेले नाही. माझ्या आत्याने त्या कुत्र्याला एकही दिवस उपाशी ठेवलं नाही. तो चावला, कारण त्याचा कान पिरगळला गेला. आणि त्याने साहेबांना ओळखलं नाही, कारण साहेबांच्या अंगाचा वास त्याच्यापर्यंत पोचू द्यायची कुणाला तरी लाज वाटली. तिने केलेले तीन अर्ज मोठ्या घराच्या कुठल्यातरी कपाटात असतील, शोधा. या सगळ्या प्रकरणात आजवर कागदावर एकाच माणसाची सही आहे, आणि ती खोट्याखाली करून घेतलेली आहे. इथे खाली मी माझी करते आहे.